पहिलं पाणी

पाटाला पाणी सुटलं की पहिलं पाणी रानात घ्यायचं नाही, हे आबांनी मला शिकवलं तेव्हा मी चौथीत असेन. आमचं रान प्रवरेच्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटल्याची बातमी गावात आधी यायची, पण आमच्या चारीला पाणी पोचायला दोन-तीन दिवस लागायचे. तोवर चारी कोरडी ठणठणीत. आम्ही पोरं तिच्यातूनच चालत शाळेत जायचो, कारण तिथे सावली असायची. मग एखाद्या पहाटे आबा उठवायचे. "चल गं, दारं धरायला." बॅटरी, फावडं आणि मी.

पाणी दिसायच्या आधी ऐकू यायचं. सुका पाला सरकल्याचा आवाज. मग अंधारातून पाण्याचं तोंड पुढे यायचं, मातकट आणि फेसाळ, आणि त्या तोंडावर दोन महिन्यांचं साचलेलं सगळं: बाभळीचे काटे, तुटकी चप्पल, खताच्या पिशव्यांचे तुकडे, कधी मेलेली घूस, एकदा तर जिवंत धामण. रान तहानेनं भेगाळलेलं असायचं. मला वाटायचं, आबांनी आत्ताच्या आत्ता दारं फोडावं. आबा फावड्यावर हात टेकून उभे राहायचे. "जाऊ दे हे. सगळी घाण ओढ्याला जाऊ दे. ह्या पाण्याला नुसता जोर असतो, सऱ्या फोडून टाकील. धार बसली की घेऊ." मग बऱ्याच वेळानं ते वाकून दाऱ्यातली माती थोडीशीच बाजूला करायचे. हातभर नव्हे, चार बोटं. पाणी आत यायचं, पहिली सरी ते पिऊन टाकायची, आणि आबा पुढचा फावडा मारायचे.

आता मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. यकृत प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत मी रुग्णाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी असते. पडद्याच्या पलीकडे सर्जनांचे हात चालतात, अलीकडे माझे मॉनिटर, सिरिंज पंप आणि रक्ताच्या पिशव्या. आठ-दहा तासांच्या त्या कामात अशी पाच मिनिटं येतात, की तेव्हा मला दर वेळी तो पाट आठवतो. त्या पाच मिनिटांबद्दल बाहेर बसलेल्या माणसांना जवळजवळ कुणीच काही सांगत नाही. आज ते सांगायला बसले आहे.

आधी एका शब्दाबद्दल. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की दुकानदार यकृत तोलून देतो. बोलताना मात्र आपण काळीज म्हणतो ते हृदयाला. काळजात धस्स होतं, काळजाचा ठोका चुकतो, मूल म्हणजे काळजाचा तुकडा. दोन अवयवांचं हे एकत्र होणं मला पूर्वी भाषेचा घोटाळा वाटायचा. प्रत्यारोपणाच्या खोलीत काम करायला लागल्यापासून तसं वाटत नाही. तिथे यकृताला रक्त सुटलं की हृदयाचा ठोका चुकतो, अगदी शब्दशः, आणि तो चुकलेला मी कागदावर छापून घेतलेला आहे. अमरकोशात यकृताला आणखी एक नाव आहे, कालखंड. तिथे त्याचा अर्थ काळा तुकडा असा घ्यायचा. पण बर्फाच्या पेटीतून आलेलं यकृत ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या नावात घड्याळही ऐकू येईल.

त्या पेटीत काय असतं ते सांगते. दात्याच्या शरीरातून यकृत काढताना त्यातलं रक्त थंडगार द्रावणानं धुऊन काढतात. मग ते त्याच द्रावणात, पिशवीत पिशवी घालून, बर्फावर ठेवतात. यकृत एरवी तांबूस-तपकिरी, लुसलुशीत, गरम असतं. हृदयातून मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाव भाग या एका अवयवातून जातो, म्हणजे सुमारे दीड लिटर. पेटीतलं यकृत फिकट आणि थंड असतं, आणि हाताला त्याचं वजन जास्त लागतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८०च्या दशकात या कामासाठी एक द्रावण बनवलं. त्याआधी यकृत काही तासांतच बसवावं लागे, त्यामुळे सर्जन अक्षरशः पळत असत. या द्रावणानं त्यांना रात्र काढायची सवड दिली. तरीही आम्ही दहा-बारा तासांच्या आत बसवायची धडपड करतो, कारण थंडीत पेशींचा खर्च कमी होतो, थांबत नाही. पेटीच्या आत यकृत उपाशीच असतं.

आणि उपाशी पेशीत कचरा साचतो. पेशीच्या भिंतीवर पंप असतात, ते सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवतात. ऊर्जा संपली की पंप थांबतात, सोडियम आत घुसतं, पेशी फुगते, पोटॅशियम बाहेर झिरपतं. ऑक्सिजनशिवाय जेवढं काही चालू राहतं त्यातून आम्ल तयार होतं. शिवाय ते विस्कॉन्सिनचं द्रावण मुद्दाम पोटॅशियमनं भरलेलं असतं, लिटरमागे सुमारे १२५ मिलिमोल. माणसाच्या रक्तात हाच आकडा साडेतीन ते पाचच्या मध्ये असतो आणि सहाच्या पुढे गेला की मी खुर्चीवरून उठते. काही ठिकाणी दुसरं द्रावण वापरतात, त्यात पोटॅशियम दहाच्या आसपासच असतं. पण पेशींनी स्वतः गाळलेलं पोटॅशियम आणि आम्ल तिथेही असतंच.

इकडे टेबलावर रुग्णाची तयारी काय? जुनं यकृत काढलेलं असतं. नवं अजून जोडलं जातंय. या मधल्या तासाभरात त्या माणसाला यकृतच नसतं. आम्ही देत असलेल्या रक्तात ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, ते पचवायला कुणी नाही, म्हणून रक्तातलं कॅल्शियम खाली जात राहतं आणि ते मी पुन्हा पुन्हा भरत राहते. आतड्यांकडून यकृताकडे येणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, चिमट्यानं बंद असते. त्यामुळे आतड्यांत रक्त तुंबतं, तिथेही आम्ल साचतं. म्हणजे चारीही कोरडी आणि मागच्या पाटातही गाळ. शांतता मात्र असते. या टप्प्यात खोली फार शांत असते. सर्जन बारीक टाके घालत असतात, कुणी बोलत नाही.

मग सर आवाज देतात, "दहा मिनिटांत उघडतोय."

इथून माझं काम सुरू होतं, खरं तर ते आधीच झालेलं असावं लागतं. रक्ताचा नमुना तपासून पोटॅशियम चारच्या आसपास आहे ना ते बघायचं. जास्त असेल तर इन्सुलिन आणि ग्लुकोज, सोडाबायकार्ब. रुग्ण गरम आहे ना? थंड हृदय लवकर रुसतं. कॅल्शियम क्लोराइड भरलेली सिरिंज डाव्या हाताला. अ‍ॅड्रेनलिन पातळ करून, एका मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅम, उजव्या हाताला. रक्तदाब धरून ठेवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप चालूच असतो, त्याच्या बटणावर बोट. सर्जन नव्या यकृतातून सलाइन किंवा अल्ब्युमिन सोडून आतलं द्रावण धुऊन काढतात. काही सर्जन तर पोर्टलचं पहिलं रक्त, तीनशे ते पाचशे मिलिलिटर, रुग्णाच्या शरीरात जाऊच देत नाहीत, बाहेर सोडून देतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोलाचं रक्त, आणि तेही ओढ्याला. आबांनी ही गोष्ट एका वाक्यात समजून घेतली असती.

चिमटा निघतो. फिकट यकृत कडेपासून गुलाबी होत जातं. पडद्यावरून मान उंच करून पाहिलं तर दिसतं, पण मी पाहत नाही. माझे डोळे मॉनिटरवर असतात. रक्ताला यकृतातून निघून हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचायला काही क्षणच लागतात. आधी ईसीजीवरची टी लाट तंबूसारखी उंच होते. मग ठोके संथ होतात. मग रक्तदाबाची रेषा खाली बसायला लागते. थंड, आंबट, पोटॅशियमनं भरलेलं रक्त हृदयात आलेलं असतं आणि त्याच्याबरोबर सूजेची रसायनं असतात, ती सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल सोडतात. फुप्फुसांतल्या वाहिन्या मात्र आवळल्या जाऊ शकतात, तेव्हा उजवं हृदय फुगतं. कधी हवेचे बुडबुडे येतात, कधी गुठळी. शरीराचं तापमान एखाद्या अंशानं पडतं. थोड्या वेळानं रक्त गोठण्याची सारी व्यवस्थाच उसवते आणि जिथे काही वेळापूर्वी कोरडं होतं, तिथून पाझर सुरू होतो.

याला नाव मिळालं ते १९८७ मध्ये. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये अगरवाल आणि त्यांच्या सहकारी भूलतज्ज्ञांनी व्याख्या ठरवली: रक्त सुरू केल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत सरासरी रक्तदाब तीस टक्क्यांहून अधिक घसरला आणि निदान एक मिनिट तसाच राहिला, तर तो पोस्ट-रीपरफ्यूजन सिंड्रोम, म्हणजे रक्त पुन्हा सुरू झाल्यावरचा लक्षणसमूह. पाच मिनिटं, तीस टक्के, एक मिनिट. कोरडी व्याख्या आहे, पण मला ती आवडते. ज्या लोकांनी ती लिहिली त्यांनी त्या पाच मिनिटांत घड्याळाकडे पाहिलेलं आहे हे तिच्यातून कळतं. त्याआधी पिट्सबर्गला स्टार्झल आले होते. तेच स्टार्झल, ज्यांनी १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरमध्ये माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण करून पाहिलं. रुग्ण तीन वर्षांचं मूल होतं. ते टेबलावरच रक्तस्रावानं गेलं. १९६७ मध्ये त्याच सर्जनच्या हातून दीड वर्षाची एक मुलगी वाचली आणि वर्षाहून जास्त जगली. या चार वर्षांच्या मधल्या काळाचा विचार मी पुष्कळदा करते. सर्जनबद्दल सगळे लिहितात. त्या खोलीत डोक्याच्या बाजूला उभं राहून, काय होतंय ते न कळता, हातात मिळेल ते औषध देणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. त्यांच्याकडे व्याख्याही नव्हती.

किती जणांना हे होतं? वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे वेगवेगळे आहेत. शंभरात दहा-पंधरा म्हणणारे आहेत, निम्म्या रुग्णांत दिसतं म्हणणारेही आहेत. दात्याचं वय, यकृतातली चरबी, बर्फावरचे तास, रुग्णाच्या हृदयाची आणि किडनीची ताकद, सगळ्याचा त्यात वाटा असतो. आपल्या देशात बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकाकडून येतात. १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या बाळाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला, ते भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण. जिवंत दात्याची शस्त्रक्रिया शेजारच्याच खोलीत चाललेली असते, बर्फावरचा वेळ थोडा असतो, त्यामुळे पाण्याचं तोंड तितकं गढूळ येत नाही. तरी येतंच.

पेशीच्या आत नक्की काय घडतं, हे मला बरीच वर्षं अर्धवटच माहीत होतं. उपासमारीनं पेशी मरते, एवढं पटतं. पण अन्न परत आल्यावर का मरावी? हृदयाच्या बाबतीत हे कोडं १९६० मध्येच जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. त्याचा एक मोठा दुवा २०१४ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांकडून मिळाला. ऑक्सिजन नसताना पेशीच्या ऊर्जाघरात, मायटोकॉन्ड्रियात, सक्सिनेट नावाचा पदार्थ साठत जातो. तो एरवीही तयार होतो आणि लगेच जळून जातो. ऑक्सिजन नाही म्हणून तो ढीग लावून पडून राहतो. रक्त आलं, ऑक्सिजन आला, की सगळा ढीग एकदम पेटतो. त्या भडक्यात इलेक्ट्रॉन नेहमीच्या वाटेनं न जाता उलटे फिरतात आणि ऑक्सिजनचेच विषारी कण तयार होतात. म्हणजे ज्या प्राणवायूची ती पेशी वाट पाहत होती, त्याच्यापासूनच हे विष बनतं. हे वाचलं त्या रात्री मी आबांना फोन केला होता. त्यांना काय सांगणार, नुसतंच विचारलं, पाट कधी सुटतोय.

एक शिक्षक होते. सातारा जिल्ह्यातले, पन्नाशीचे. हिपॅटायटिस बी, यकृत आक्रसलेलं, पोटात पाणी. त्यांच्यासाठी यकृत दुसऱ्या शहरातून आलं, मध्यरात्री विमानतळापासून पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवलेला. चिमटा निघाला तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. सरासरी रक्तदाब पंच्याहत्तरचा अडतीस झाला. ठोके साठ, चाळीस, तीस, आणि मग रेषा सपाट. मी मोठ्यानं "असिस्टोल" म्हटलं, म्हणजे हृदय थांबलं. सरांनी हात पोटातूनच वर, छाती आणि पोटामधल्या पडद्यासारख्या स्नायूखाली नेला आणि हृदय खालून दाबायला सुरुवात केली. माझ्या ज्युनिअरनं कॅल्शियम दिलं, मी अ‍ॅड्रेनलिन. आधी दहा मायक्रोग्रॅम, मग शंभर, मग पूर्ण मात्रा. त्या सपाट रेषेवर मधूनमधून एक उंचवटा यायचा, तो सरांच्या हाताचा. सुमारे पाऊण मिनिटानं एक उंचवटा आला जो हाताचा नव्हता. सरांनाही तो हाताला लागला असणार, कारण त्यांनी दाबणं थांबवलं आणि पडद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा. मग तिसरा.

नंतर रक्तदाब कशालाच दाद देईना, तेव्हा आम्ही मेथिलीन ब्लू दिलं. सैल पडलेल्या वाहिन्यांना ते कधीकधी पुन्हा आवळतं. ते निळंशार असतं, शाळेच्या प्रयोगशाळेतलं. तासाभरात रक्तदाब धरला. रक्तात साचलेलं आम्ल, लॅक्टेट, उतरायला लागलं. कॅल्शियम भरायची गरज कमी झाली, म्हणजे यकृत सायट्रेट पचवायला लागलं होतं. सकाळी सहाच्या सुमाराला सर म्हणाले, "मॅडम, या, बघा." पित्ताच्या कापलेल्या नळीच्या तोंडाशी पिवळाधमक थेंब जमला होता. मधासारखा. यकृत कामाला लागल्याची याहून चांगली पावती नाही. आम्ही सगळे वाकून तो एक थेंब बघत होतो.

बाहेर त्यांच्या पत्नी आणि मेहुणे बसले होते. हातात रिकामी पाण्याची बाटली. मी म्हटलं, "सगळं नीट झालं. मध्ये थोडं बीपी खाली गेलं होतं." दुसऱ्या दिवशी आयसीयूत त्यांनी मला थांबवून विचारलं, "मॅडम, ह्यांची लघवी हिरवी-निळी का होतीय?" मी सांगितलं, एका औषधाचा रंग आहे, जाईल. त्या हसल्या. मला मात्र आत काहीतरी टोचलं. त्यांच्या नवऱ्याचं हृदय पाऊण मिनिट थांबलं होतं आणि मी त्याला "थोडं बीपी" म्हटलं होतं. मी खोटं बोलले नव्हते असं मला म्हणता येत नाही. ते शिक्षक पुढे शाळेत परत गेले, निवृत्त झाले, दर दिवाळीला त्यांचा मेसेज येतो. त्या पाऊण मिनिटाबद्दल मी त्यांना तीन वर्षांनी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग त्या वेळी तुम्ही जाग्या होता, मी नव्हतो. म्हणजे ते तुमच्याच आयुष्यातलं झालं."

शस्त्रक्रियेआधीच्या संमतीपत्रात एक ओळ असते, रक्तप्रवाह पुन्हा सुरू करताना गुंतागुंत होऊ शकते. माणसं त्या ओळीखाली सही करतात. मला ती ओळ पुरेशी वाटत नाही. घरच्यांना रक्तस्रावाची भीती असते, जंतुसंसर्गाची असते, शरीर नवा अवयव नाकारेल याची असते. त्या भीतींना त्यांच्याकडे शब्द असतात. पण नवं यकृत बसलं, शिवलं, रक्त सोडलं, की सुटलो, असंच सगळ्यांना वाटतं. हे वाटणं मी आता आधीच दुरुस्त करते. कागद घेते आणि पाट काढते. शेतकरी घरातली माणसं असली तर दोन मिनिटांत समजतात. शहरातल्यांना बंद घराचा नळ सांगते, महिन्यानं उघडला की आधी खोकल्यासारखा आवाज करतो आणि तांबडं पाणी येतं.

या सगळ्यावर आता एक चांगला उपाय येऊ घातलाय, त्याबद्दल मला मनापासून आशा आहे. यकृत बर्फावर उपाशी ठेवण्याऐवजी यंत्राला जोडायचं. ऑक्सफर्डच्या चमूनं २०१८ मध्ये शरीराच्या तापमानाला, रक्त फिरवत ठेवलेल्या यकृतांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात यकृताला होणारी इजा निम्म्यानं कमी दिसली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या लोकांनी वेगळी वाट घेतली. दात्याचं हृदय थांबल्यानंतर मिळालेली यकृतं, म्हणजे सगळ्यात नाजूक, बसवण्याआधी दोन तास थंडच ठेवून त्यांच्यातून ऑक्सिजन मिसळलेलं द्रावण हळू फिरवायचं. २०२१ मध्ये त्यांनी आकडे मांडले: नेहमीच्या पद्धतीत सत्तावीस टक्के रुग्णांना तो सिंड्रोम झाला, यंत्रावरच्या यकृतांत बारा टक्क्यांना. थंडीत पेशी मंद असते, ऑक्सिजन मिळतो पण भडका उडत नाही, साठलेलं सक्सिनेट हळूहळू जळून जातं. दोन तास धार बसू देतात, मग दारं उघडतात. यंत्रं महाग आहेत, प्रत्येक यकृतामागचा खर्चही मोठा आहे आणि आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी पोचतील अशी मला धास्ती वाटते. सरकारी रुग्णालयांत ती यायला हवीत. जिथे माणूस जमीन विकून प्रत्यारोपणाला येतो, तिथे तर आधी.

आता जे सांगायचं मी लांबवत होते ते.

तो एक्केचाळीस वर्षांचा होता. आमच्याच भागातला, ऊस आणि थोडा कांदा. त्याच्या भाषेवरूनच मी ओळखलं होतं. भूल देण्याआधी त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?" गाव सांगितल्यावर म्हणाला, "मग पाहुणेच की." यकृत चांगलं आलं होतं. टाके सुंदर बसले होते. पोटॅशियम चारच्याही खाली, तापमान ठीक, सगळ्या सिरिंज जागेवर. चिमटा निघाला, रक्तदाब पडला, औषध दिलं, वर आला. सरांनी "ठीक?" विचारलं आणि मी "ठीक" म्हटलं. त्यानंतर दोनेक मिनिटांत फुप्फुसाचा दाब चढायला लागला. अन्ननलिकेतून हृदयाचा सोनोग्राफीचा प्रोब घातलेला होता, त्या पडद्यावर उजव्या कप्प्यात काहीतरी पांढरं गोल फिरताना दिसलं. आधी एक, मग पुंजके. गुठळ्या. यकृत खराब असलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही असं सगळ्यांना शिकवलेलं असतं, पण त्याचा तोल दोन्हीकडे जाऊ शकतो, आणि नेमकं या वेळी तो दुसऱ्या बाजूला जातो, क्वचित, पण जातो. उजवं हृदय फुगलं. डावीकडे रक्त पोचेना. आम्ही गुठळी विरघळवणारं औषध दिलं, जे अशा उघड्या पोटाच्या माणसाला देताना हात थरथरतो. छाती दाबत राहिलो. तासाभराहून जास्त. सगळे आळीपाळीनं. नवं यकृत तोवर गुलाबी होतं. मी ते पाहिलं, त्या दिवशी पडद्यावरून मान वर करून पाहिलं.

सरांनी वेळ सांगितली. कुणीतरी लिहून घेतली.

बाहेर त्याची बायको होती आणि धाकटा दीर. मी आणि सर दोघं गेलो. सरांनी सांगितलं, नीट, हळू आवाजात. दीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती रडली नाही. माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "नवीन काळीज बसलं व्हतं ना?"

मी म्हटलं, "हो."

"रगत चालू झालं व्हतं?"

"झालं होतं."

"मग?"

त्या "मग"ला उत्तर देताना माझ्या तोंडून पुस्तकातला एकही शब्द निघाला नाही. मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, तुमच्याकडं पाटाचं पाणी आहे ना. आवर्तन सुटतं तेव्हा चारीला पहिलं पाणी कसं येतं? ती ऐकत राहिली. मी सांगत राहिले, आमच्या बोलीत, जी मी गेल्या वीस वर्षांत फक्त फोनवर बोललेय. थंडीत पडून राहिलेलं काळीज, त्यातून पहिलं वाहून आलेलं रक्त, साचलेलं सगळं घेऊन हृदयात आलेलं. आणि त्याच्या मागून गुठळी. आम्ही घाण सोडून दिली होती, पहिलं रक्त धुतलं होतं, धारही बसली होती. तरी आली.

ती म्हणाली, "म्हंजी पयल्या पाण्यानंच घात केला."

"हो."

ती पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "ज्याचं काळीज व्हतं, त्याच्या घरच्यांला तुम्ही कळवता का?"

मी सांगितलं, दात्याचं घर रुग्णाला आणि रुग्णाचं घर दात्याला कळू देत नाहीत. त्यांची माणसंही अशीच एखाद्या आयसीयूबाहेर बसली असतील. मेंदू मृत झाल्याची तपासणी दोनदा करतात, मध्ये निदान सहा तास जाऊ देऊन. तेवढा वेळ थांबून, मग त्यांनी हो म्हटलं असेल. रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाकडून कधीतरी त्यांना विचारपूस करता येते, तेव्हा काय सांगतात ते समन्वयकावर असतं.

"मग त्यांना नगा कळवू," ती म्हणाली. "त्यांना वाटंल, वाया गेलं."

दीर वळून आमच्याकडे पाहत होता. आत खोली धुतल्याचा वास येत होता. मी तिचा हात धरला होता की तिनं माझा, ते मला आठवत नाही. समन्वयकाला मी त्याच संध्याकाळी तिचा निरोप दिला, तिच्याच शब्दांत.